सापुताऱ्याला निघण्याआधी

सायकल चालवणाऱ्यांपेक्षा सायकलची तयारी करणाऱ्यांकडं किस्से जास्त साठतात. चालवताना दम लागतो, तयारी करताना तोंड मोकळंच असतं.

आम्ही चौघं होतो. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला. मिलिंद आर्किटेक्ट. जाधवची शेती शहरात गेली आणि तो नोकरीला लागला. चौथे कुलकर्णी सर, गणित शिकवून निवृत्त झालेले. दुष्काळाची वर्षं होती, नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. अशात आम्ही ठरवलं, सामान लादून सायकलनं सापुताऱ्याला जायचं, तेही भर मे महिन्यात. चौघांना एकदम सुट्टी तेव्हाच मिळत होती.

*

मिलिंदनं नवी टूरिंग सायकल घेतली आणि तिचं वजन कमी करायच्या मागं लागला. आधी स्टँड काढलं, मग मडगार्ड, शेवटी घंटीसुद्धा. त्यानंतर जिथं थांबेल तिथं तो टेकवायला भिंत शोधायचा. दोन्ही बाजूंना बॅगा बांधल्यावर तर ती भिंतीलाही टेकेना. म्हणून बॅगा भरायच्या वेळी वहिनी हँडल धरून उभ्या राहायच्या.

एका रविवारी आम्ही गेलो तर वहिनींच्या एका हातात सायकल, दुसऱ्या हातात मोबाइल. गॅसवरचं दूध बंद करा म्हणून शेजारणीला सांगत होत्या. मिलिंदनं आम्हाला सायकल उचलून बघायला लावली, किती हलकी झालीय म्हणून.

वहिनी म्हणाल्या, "त्यांच्यासाठी हलकी झालीय. स्टँडचं वजन माझ्याकडं आलंय."

*

सरांनी आपल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सायकलची चेन धुतली. पाणी कुठलं, तर भाजी धुऊन उरलेलं, मगभर. खाली ताटाएवढी ओल राहिली. संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षांनी मीटिंग बोलावली. विषय, पार्किंगमधली पाण्याची नासाडी.

अध्यक्ष दुष्काळावर बराच वेळ बोलले. थेंबाथेंबाचं महत्त्व सांगितलं, धरणाची अवस्था सांगितली. सर खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात खिडकीबाहेर सरसर आवाज सुरू झाला. अध्यक्षांचा ड्रायव्हर पाइप लावून त्यांची गाडी धूत होता.

सरांनी वर्गात पोरं करतात तसा हात वर केला. "अध्यक्ष, जरा थांबा. पाऊस आला वाटतं."

*

लादलेली सायकल चालवून बघायला मोकळा रस्ता हवा होता. जाधव म्हणाला, जालना रोडला आमच्या शेतात चला. शेत कसलं, तिथं आता प्लॉट पडले होते. गेटवर भला मोठा बोर्ड, त्यावर निळंशार तळं आणि पोहणारी बदकं.

वॉचमननं अडवलं. समोरचे लिंब आमच्या आजोबांनी लावलेत, असं जाधवनं परोपरीनं सांगितलं. वॉचमननं फोन लावला आणि निरोप दिला की, प्लॉट घेणार असाल तर आत सोडतो. मग जाधव आपल्याच शेतात गिऱ्हाईक म्हणून गेला. एका टाय लावलेल्या पोरानं त्याला जॉगिंग ट्रॅक कुठं येणार, तळं कुठं येणार, सगळं हात करकरून दाखवलं. जाधवनं शांतपणे ऐकून घेतलं.

निघताना म्हणाला, "आमच्या बापानं इथं जागोजागी बोअर घेतले. तुम्हाला तळं लागलं तर आम्हालाबी कळवा."

*

शहरातल्या छावणी भागात माझं चाक पंक्चर झालं. खरं तर मला आनंदच झाला, कारण तयारी होती. चौघांनी चार पंक्चर किट काढले, पान्यांचे चार सेट काढले. रस्त्याकडेला दुकान मांडल्यासारखं झालं. पंप मात्र प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडलेला. पानवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "इत्ता सामान लाये, हवाच भूल गये क्या?"

*

निघायच्या आधी खुलताबादपर्यंत एक चाचणी फेरी केली. घाटाजवळच्या एका वाडीत सावलीला थांबलो. अंगात चमकणारी जॅकेटं, डोक्यावर हेल्मेट, हँडलला मोबाइल. मिलिंद हौसेनं फोटो काढत होता. रिकामे हंडे घेतलेल्या बायका जमल्या. त्यांच्यातल्या पारूबाई नावाच्या म्हातारीनं सरांना विचारलं, टँकरचं बघायला आलात का? सरांनी सांगितलं, आम्ही नुसते फिरायला आलोय. तरी ती सरांच्या मनगटाला धरून विहिरीपर्यंत घेऊन गेली.

विहिरीच्या तळाशी तिची सून बसली होती. वाटीनं गढूळ पाणी हंड्यात भरत होती. मिलिंदनं फोटो काढायचं थांबवलं. सरांच्या तोंडून "बघतो" एवढंच निघालं.

पुढं कळलं ते असं की, वरची टीम येऊन विहिरीचे फोटो काढून गेली, असं कुणीतरी तहसीलच्या हापिसात जाऊन ठणकावून सांगितलं. चार दिवसांत टँकर सुरू झाला.

सापुताऱ्याला निघालो तेव्हा सरांनी त्या वाडीत मुद्दाम सायकल थांबवली. सरकारी माणसं समजून आपल्याला फुकटचं श्रेय मिळालं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. टँकर उभाच होता. पारूबाईंनी आमच्या बाटल्या भरून दिल्या. सर त्यांना म्हणाले, "मावशी, आम्ही खरंच सरकारी माणसं नाही."

पारूबाईंनी झाकण घट्ट लावून बाटली सरांच्या हातात दिली.

"ते म्या तवाच वळखलं व्हतं. सरकारी माणूस हिरीपस्तोर पायी येत नसतो. पर हापिसात तसं कशाला सांगू?"