मावशीची पाहुणी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, चौथीपर्यंतच शिकले. हे कोणाच्या हाती लागलं तर चुका पोटात घालाव्या. पण आमच्या बांगड्यावाल्या मावशीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण जिचा हात मावशीने दाबला नाही अशी बाई आर्णी तालुक्यात जन्मालाच आली नसेल. ती माझी सख्खी मावशी नव्हे. टोपली घेऊन गावोगाव फिरायची, म्हणून सगळ्यांचीच मावशी. लहान मुली हात आखडून घ्यायच्या, तर म्हणायची, "ढिला सोड ना वं. बांगडी भरून राह्यली, दात नाही पाडून राह्यली."

पुढे तिचाच उजवा हात थरथरू लागला. मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरायचा. यवतमाळच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं, गोळ्या दिल्या. मावशीने आजाराचं नाव तिथेच सोडून दिलं आणि गोळीला मात्र 'पाहुणी' म्हणू लागली. "लय नखऱ्याची हाये. उपाशी पोटी यावं लागते तिले. वरण, दूध दिसलं का रुसते." गोळी घेऊन ती आमच्या ओट्यावर बसायची. लाईट गेल्यावर पंखा हळूहळू थांबतो तसा तिचा हात थांबत जायचा. थांबला की टोपलीवरचं फडकं निघायचं आणि मग पाहुणी जाईपर्यंत मावशीला बोलायलाही फुरसत नसायची.

पण पाहुणी सांगून जात नसे. एकदा सरपंचबाईंचा एक हात भरून झाला आणि दुसऱ्या हाताच्या वेळी गोळीचा जोर संपला. बाई बिचाऱ्या ग्रामसभेत मोकळा हात पदराखाली धरून बसल्या. भरताना फुटलेली बांगडी विकणारीच्या अंगावर, अशी रीत आहे. म्हणून मावशीची बोटं हलू लागली की आम्ही बाया काहीतरी निमित्त काढून उठायचो. मी एकदा म्हटलं, "मावशी, दूध उतू चाललं." ती म्हणाली, "तुह्या घरी ना गाय ना म्हैस. दूध काय नळाले आलं?" आणि हात सोडून दिला.

कापसाचे भाव पडले ती वर्षं सगळ्यांनाच वाईट गेली. बाया डझनाऐवजी चारच बांगड्या भरू लागल्या. मावशीही कैचीने गोळीचे दोन तुकडे करून अर्धीच घेऊ लागली. त्यातच माझ्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. माझा चुडा मावशीनेच भरला होता. पोरीचाही तिनेच भरावा असं माझ्या मनात होतं, पण विचारायला जीभ रेटेना. तीच म्हणाली, "मीच भरीन. दुसरीले बोलावलं त पाय ठेवणार नाही तुह्या घरी."

त्या दिवसासाठी तिने गोळ्या वाचवून ठेवल्या होत्या आणि सकाळी एकदम दोन घेतल्या. हात अगदी गप्प झाला. पण मान डोलू लागली, खांदे हलू लागले, अख्खं अंग झुलू लागलं. लग्नाला उमरखेडहून आलेल्या बायांना वाटलं, अंगात देवी आली. मला चारचौघींत बोलायचा धीर नाही. गोळीचं आहे हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत तिच्या पायावर हळदकुंकू वाहून झालं होतं. एकीने तर विचारलंच, "माय, औंदा कापसाले भाव भेटन का?"

मावशी झुलत झुलत म्हणाली, "मले काय माहीत बाई? मी त बांगड्यावाली आहो. सरका जरा, पोरीचा हात दिसू द्या."

बांगडी मुलीच्या अंगठ्यापाशी अडली. मावशी एकीकडे झुकली की मुलीचा हात दुसरीकडे ताणला जायचा. मग पोरगीच हळूच तिच्याबरोबर झुलू लागली. दोघी एका लयीत डोलत राहिल्या आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढत गेल्या. एकही फुटली नाही. शेवटची चढल्यावर मावशीने मुलीची बोटं आपल्या डोळ्यांना लावली.

नंतर डॉक्टर तिच्यावर रागावले, गोळ्या बदलल्या. झुलणं थांबलं, थरथर राहिली. त्यानंतर तिने टोपली उचलली नाही. चुड्याचे सगळे पैसे मात्र आमच्याकडून लग्नात देऊन झाले नव्हते. त्यासाठी ती बाजाराच्या दिवशी यायची. दिले तेवढे घ्यायची, बिनदुधाचा चहा प्यायची, माझा हात हातात घेऊन बसायची. तूर विकल्यावर यांनी उरलेले सगळे पैसे एकदमच तिच्यापुढे ठेवले. तिला पदराची गाठ मारता येईना, म्हणून मी मारून दिली.

"झालं वं मंग," ती म्हणाली, आणि बराच वेळ उठली नाही.