कुणाच्या आईचा आवाज

हे गेल्यावर दिवसकार्य उरकून पाहुणे परतले, मुलगाही बंगळुरूला गेला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच दुपारी मी चहाचं आधण ठेवत असताना वरच्या खोलीत गाणं सुरू झालं.

घरात मी एकटी होते. गॅस बंद केला आणि जिन्याच्या तळाशी कठडा धरून उभी राहिले. वर कुणीतरी बाई संथपणे अभंग म्हणत होती, मागे टाळ वाजत होते. ही ह्यांची रोजची वेळ. चहा झाला की मी हाक मारायची आणि हे गाणं तसंच चालू ठेवून उठायचे. जिना उतरता उतरता मोबाइलवर बोट फिरवायचे, की तेच गाणं स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर यायचं. त्या दिवशी गाणं वरच राहिलं. खाली आणणारं कुणी नव्हतं.

मुलाला फोन केला. तो म्हणाला की बाबांनी स्पीकरला वेळ लावून ठेवलीय, रोज त्या वेळेला तो आपला आपण त्यांच्या संग्रहातलं काहीतरी उचलून वाजवतो. हवं तर इथूनच बंद करतो. मी म्हटलं, राहू दे.

ह्यांचा संग्रह म्हणजे बाजारात मिळणारी गाणी नव्हेत. आमचं लग्न व्हायच्या आधी हे विजेच्या खात्यात लागले, तेव्हा पहिली नेमणूक पौडला होती. मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवर तारा ओढायचं काम चाललेलं. हे खांद्याला टेपरेकॉर्डर लटकावून कामावर जायचे आणि कुणी गाणारं भेटलं की बटण दाबायचे. भजनी मंडळं, हळदीची गाणी म्हणणाऱ्या बाया, रानात पावा वाजवणारा एखादा गुराखी. त्या कॅसेटी आमच्या पुण्यातल्या घरात पलंगाखाली खोक्यांत राहिल्या. निवृत्तीनंतर मुळशीतच, कासार आंबोलीत हे छोटं घर बांधलं, तेव्हा ह्यांनी एकेक कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि खोल्याखोल्यांतून बिनतारी स्पीकर लावले. जिथून आणलं तिथेच परत वाजवतोय, असं म्हणायचे. मी शाळेत शिकवायची. पेपर तपासण्याच्या नादात त्यातलं फारसं कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. आता रोज दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकू लागले.

खरं तर मी गाणं ऐकत नव्हते. प्रत्येक गाण्याच्या शेवटी, बटण बंद व्हायच्या आधी, ह्यांचा आवाज यायचा. ‘झालं?’ किंवा ‘बरं, थांबतो.’ एवढंच. कोवळ्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाचा आवाज. मी ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं त्याचा आवाज भरदार होता, शेवटी शेवटी जरा घोगरा झालेला. तो कुठेच नव्हता. दुसऱ्यांचे आवाज गोळा करणाऱ्या माणसाने स्वतःचा ठेवलाच नव्हता. मोबाइल धुंडाळला, तर त्यात नातवाचे वाढदिवस होते, भाचीचं लग्न होतं, आणि हे सगळीकडे कॅमेऱ्यामागे गप्प उभे. मी त्यांचं ‘अगं, ऐकलंस का’ मनातल्या मनात म्हणून बघायची. आधी जमायचं. पुढे पुढे शब्द तेवढे उरले, आवाज निसटायला लागला. कधी वाटायचं, हे स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभे आहेत आणि बोलताहेत, पण मला ऐकू येत नाही.

अशातच एका दुपारी जात्यावरची ओवी लागली.

जातं घरघरत होतं आणि एक बाई गात होती. आवाज काही गोड नव्हता, पण मोकळा होता. मध्येच एक लहान मुलगी खुदकन हसली. गाणं थांबलं. ‘गप बस गं,’ ती बाई म्हणाली, ‘मानूस टिपून घेतोय.’ आणि पुन्हा जातं सुरू झालं.

खिडकीतून पाहिलं तर शेळ्या माझ्या मेथीच्या वाफ्यात शिरलेल्या. आमच्या कुंपणापलीकडच्या पडीक तुकड्यावर एक बाई त्या चारायला आणते. पन्नाशी उलटलेली, विधवा, लेक लग्न करून भूगावला दिलेली; म्हाताऱ्या बापाबरोबर ओढ्याकडेच्या घरात राहते. आमची ओळख कढीपत्ता देण्याघेण्यापुरतीच. शेळ्यांना हाकलायचं सोडून ती कुंपणाची तार धरून उभी होती. मी तक्रार करायला बाहेर गेले.

ती म्हणाली, “काकू, ही माजी आय हाय.”

मी तिला घरात घेतलं. ती सोफ्यावर बसली नाही, जिन्याच्या पायरीवर टेकली. आई ती लहान असताना तापाने गेली, असं तिने सांगितलं. फोटो नाही, काही नाही. पण एकदा कुणी माणूस पेटीसारखं यंत्र घेऊन आला होता आणि त्यातली चाकं फिरताना बघून आपल्याला हसू आलं होतं, एवढं तिला पक्कं आठवत होतं. हसणारी ती आपणच. मी संगणकावर पाहिलं. ह्यांनी त्या गाण्याला नाव दिलं होतं ‘जातं, ओढ्याजवळ’. मुळशीत ओढा नाही असं गाव कुठलं?

तिने पुन्हा लावायला सांगितलं. आणखी एकदा लावायला सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती नुसती स्पीकरकडे टक लावून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “माज्यापरीस ल्हान हाय वो ही. माज्या लेकीयेवडी आसंल.”

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन आली. म्हातारा काठी टेकत आला, वहाणा दाराबाहेर काढल्या आणि हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून खाली बसला. मी ओवी लावली. तो मान खाली घालून ऐकत होता आणि लेक त्याच्या तोंडाकडे बघत होती. मुलगी हसली, बाईने दटावलं, जातं थांबलं, ह्यांचं ‘झालं?’ येऊन गेलं.

“ही ती न्हाई,” म्हातारा म्हणाला.

लेकीने त्याला हात देऊन उठवलं, वहाणा पायाशी सरकवल्या आणि दोघं फाटकातून गेली. मग कितीतरी दिवस शेळ्या आमच्या बाजूला आल्या नाहीत. दुपारी स्पीकर सुरू झाला की मी खिडकीशी जायची. पलीकडे नुसतं गवत. एका मुलीला तिची आई मिळाली होती आणि ती माझ्याच घरात हिरावली गेली, असं मनाला लागून राहिलं.

नंतर म्हातारा एकटाच आला. मी चहा दिला. बशीत ओतून सावकाश प्यायला, आणि म्हणाला, त्ये गानं लावा. डोळे मिटून ऐकलं. परत लावा म्हणाला. मग कप बाजूला ठेवला.

“बाई, मला तिचा आवाजच आठवत न्हाई.”

मी स्पीकर बंद केला.

“पोरगी म्हनली आय हाय. म्या लई कान लावला. आसंलबी, नसंलबी. येवडी वर्सं मनातल्या मनात तिच्यासंगं बोलतोय मी. ती बी बोलती. पन कुनाच्या आवाजात बोलती, त्ये काय सांगता येईना.”

मग नाही का म्हणालात, असं मी विचारलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणाला, व्हय म्हनलो आसतो, आन ती दुसऱ्याच कुनाची बायकू आसली तर? रोज रातच्याला तीच बोलाया लागंल माज्यासंगं. माजी कुटं जाईल मग?

त्याला मी जे सांगितलं ते मुलालाही सांगितलेलं नव्हतं: माझंही तसंच होत चाललंय. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तुमचं मानूस तर आत्ता गेलं की, म्हणाला. मी म्हटलं, हो, तरीसुद्धा. जाताना, पोरीला यातलं काही सांगू नका, एवढंच बोलला.

मी नाही सांगितलं. सांगायची वेळही आली नाही. दिवाळीच्या सुमाराला लेक आपणहून आली आणि ते गाणं मोबाइलवर घालून द्या म्हणाली. तुझे बाबा तर नाही म्हणाले होते, मी चाचरत म्हटलं.

“त्याला काय ठावं? दिवाळी झाली का मेंढरं घिऊन कोकनात उतरायचा. जात्यापाशी म्या बसायची.”

सुट्टीवर आलेल्या मुलाने तिला गाणं घालून दिलं. आता ती शेळ्यांमागे फिरताना ते कमरेच्या पिशवीत वाजत असतं. उतारावरून वारा आला की मला ऐकू येतं: लेकीच्या निम्म्या वयाची ती बाई लेकीला दटावते आणि लेक शेळ्यांना. ती हिची आई असेल. पलीकडच्या कुठल्या वाडीतली, नाव कधीच न कळणारी दुसरी कुणी असेल. ह्यांना विचारता आलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. हे असताना मी कधी विचारलं नाही, आणि आता वरच्या खोलीत फक्त स्पीकर बोलतो. त्याची वेळ मी अजून तशीच ठेवली आहे.

मागच्या आठवड्यात कढीपत्ता घेऊन ओढ्याकडे गेले होते. म्हाताऱ्याने आपली बाज घराच्या मागल्या अंगाला, शेळ्या ज्या वाटेने परततात तिकडे ओढून नेली आहे. आत किती वेळा आणली तरी परत तिकडंच नेतो, लेक सांगत होती. विचारलं तर म्हणतो, हितं ऊन बरं लागतं.

मी मागे जाऊन पाहिलं. तिथे आंब्याची दाट सावली होती. तो उतारावरच्या वाटेकडे कान करून पडला होता. मला पाहून त्याने पाय आवरून बाजेवर जागा केली, आणि मी बसले.