गोरक्ष तांबटाचा डावा गाल

नाव गोरक्ष. धंदा तांबटकी. राहणार तांबट आळी, नाशिक. सन १९३४ मध्ये वय चोवीस. उंची मध्यम, बांधा मजबूत, वर्ण सावळा, नाक सरळ, कान दोन. ओळखीची खूण : दोन्ही गालांवर मुरुमांचे जुने खड्डे. अन्य व्यंग नाही. वागणुकीबद्दल तक्रार नाही.

अशी नोंद कुठल्याही कचेरीत नव्हती. सरकारला गोरक्षाची गरज कधी पडली नाही. पण मुलीचा बाप घर पाहायला आला की त्याची नजर साधारण याच क्रमानं खाली उतरत जाई आणि ओळखीच्या खुणेपाशी येऊन अडकून बसे. असे दोघे येऊन गेले. चहा प्याले, भट्टी पाहिली, घागरीचा ठोका कौतुकानं बोटानं चाचपला आणि घरी जाऊन निरोप धाडला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका दोघांपैकी एकानंही मागितली नव्हती.

तिसरं स्थळ सिन्नरचं होतं. मुलीचं नाव कुसा. ते लोक आषाढात येणार होते.

"हेही घर हातचं गेलं, तर जातीत दुसरं दार नाही ठोठावायला," लंकाबाई म्हणाली. लंकाबाई त्याची मावशी. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे त्याच्या गालांवरही आपलाच हक्क आहे असं ती समजे. तिनं मसुरीची डाळ दुधात वाटून लावली. मग जायफळ उगाळलं. मग कुणी सांगितलं म्हणून शंख उगाळला. गोरक्ष ते सगळं थापून घेऊन पांढऱ्या तोंडानं घागर ठोकत बसे, आणि गिऱ्हाईक दारातच दचके.

शेजारच्या गाळ्यात हबीब कल्हईवाला होता. त्याला हे रोजचं दर्शन होई.

"गोरक्षभाऊ, मावशी उगाच डाळ नासतात. माझ्याकडं ये. आधी घासायचं, मग तापवायचं, वरून कथील फिरवायचं. तुझ्या गालात बघून लोक दाढी करतील."

"आणि ताक ठेवलं तर कळकणार नाही ना?"

"त्याची हमी देतो."

दोघंही हसले. हसणं संपलं; 'आधी घासायचं' एवढं मात्र गोरक्षाच्या डोक्यात मागं राहिलं.

मावशीचे उपाय संपल्यावर तो मेन रोडच्या एका डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी त्याचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि बराच वेळ पाहिला. वाईट बातमी सांगणारे लोक असाच वेळ घेतात.

"मुरुम सुकवायला मुंबईला क्ष-किरण देतात. पण तुझे मुरुम केव्हाच सुकलेत. हे खड्डे आहेत. खड्डा लेपानं भरत नाही."

"मग काहीच नाही का साहेब?"

"कार्बोलिक लावून वरची कातडी जाळणारे आहेत. वरची जळाली की खालून नवी येते. कशी येते, किती येते, ते जाळणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. मी करत नाही. तूही कुणाकडून करून घेऊ नकोस. समजलं?"

गोरक्ष समजलं म्हणाला. समजलं ते वेगळंच. वरची जळाली की खालून नवी येते, हे त्याला शिकवायला डॉक्टर कशाला हवा? तो रोज तेच करत होता. भट्टीतून निघालेलं तांबं काळंठिक्कर असतं. तेजाबाच्या पाण्यात बुडवलं की आधी मळकट होतं, मग काळी पापडी सुटते आणि खालून कोवळं गुलाबी तांबं बाहेर येतं. गुलाबी आलं की उचलायचं आणि चिंचेच्या पाण्यानं धुवायचं. आधी उचललं तर काम कच्चं. हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं आणि त्यात आजवर कधी चूक झाली नव्हती.

तेजाबाची बरणी गाळ्याच्या कोपऱ्यात, फळीखाली असे. तिच्यावर दगड ठेवलेला असे. त्या कोपऱ्यात मुंग्याही फिरकत नसत.

दुपारी जेवायच्या वेळी आळीतले हातोडे थांबतात. दिवसभर त्या आवाजात राहिलेल्या माणसाला ती शांतता कानात बोट घातल्यासारखी वाटते. अशा एका दुपारी गोरक्षानं फळीखालचा दगड बाजूला केला. कारागीर असल्यामुळे त्यानं सगळं रीतसर केलं. नवं काम आधी एका बाजूला करून पाहावं, म्हणून फक्त उजवा गाल घेतला. चिंचेचं पाणी हाताशी ठेवलं. समोर नुकतीच उजळलेली परात उभी केली आणि तिच्यात बघत कापसाचा बोळा फिरवला.

गाल पांढरा झाला.

पांढरा रंग तांब्यात येत नाही. त्याला वाटलं, ही मधली पायरी असेल. दातांत उपरण्याचं टोक धरून तो परातीत बघत गुलाबी होण्याची वाट पाहत राहिला. वरून एक थेंब डोळ्याखाली ओघळला. तेवढ्यात जेवणं आटोपली, आळीत हातोडे सुरू झाले, आणि तो ओरडला असेल तर ते हबीबलाही ऐकू गेलं नाही.

हबीबनं त्याला पाहिलं तेव्हा चिंचेचं पाणी जमिनीवर सांडलेलं होतं. त्यानं पाण्याची अख्खी घागर त्याच्या तोंडावर रिती केली आणि उचलून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले नाहीत, याचीच हबीबला जास्त भीती वाटली. त्या दिवसापासून त्यानं कल्हईचा विनोद कुणाशीही केला नाही.

सिन्नरला निरोप गेला : भट्टीवर किरकोळ अपघात झाला, दिवाळीनंतर यावं. कातडी खालून नवी आली. डॉक्टरांचं तेवढं खरं ठरलं. ती गुळगुळीत, ताणलेली आणि चकचकीत आली, आणि येताना तिनं खालची पापणी आपल्याकडे ओढून घेतली.

पाहुणे आले त्या दिवशी लंकाबाईनं गोरक्षाला खांबालगत बसवलं, उजवी बाजू खांबाकडे.

"मान हलवायची नाही," ती पुटपुटली. "डावा गाल दाखव. तुझा तो चांगला आहे."

कुसाचे वडील पुढे वाकले. "मुरुमांचे का हे?"

"हो, पोरवयातले," लंकाबाई म्हणाली.

"चालायचंच. पुरुषाला काय त्याचं? पण पोरगा फार लाजरा दिसतो, तोंड वळवत नाही."

गोरक्ष खांबाकडच्या डोळ्यानं भिंत पाहत होता. हेच खड्डे घेऊन तो सरळ समोर बसला असता तरी चाललं असतं, एवढा हिशोब त्याला आला. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. सुपारी फुटली.

लग्नात अंतरपाट दूर होतो तेव्हा नवरी समोरून बघते, बाजूनं नाही. हे मावशीला माहीत होतं, हबीबला माहीत होतं, गोरक्षाला तर रोज आठवत होतं. पण त्यावर उपाय कुणाकडेच नव्हता, म्हणून कुणी विषय काढला नाही. पाट दूर झाला. कुसानं पाहिलं. वाजंत्री वाजतच होती. तिच्या हातातली माळ जरा वेळ तशीच राहिली, मग वर आली.

सबब, वरील नोंदीत दुरुस्ती करावी. वैवाहिक स्थिती : विवाहित. ओळखीची खूण : डाव्या गालावर मुरुमांचे खड्डे; उजव्या गालावर एकही नाही. अन्य व्यंग नाही.

झोपेत त्याचा उजवा डोळा मिटत नाही. कुसा त्यावर ओला फडका ठेवते.