दुधनेच्या उतारावर ऐकलेला आवाज

तुमच्या सदरात लोक जे लिहितात ते मी नेमानं वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखालचा माणूस... माझा सगळा जन्म रस्त्यावर गेला. आधी लॉरी, मग ट्रक. स्मशानाला लागून गाडी उभी करून तिथंच भाकरी खाल्ली आहे, पडक्या देवळाच्या ओट्यावर झोपलो आहे. कधी काही दिसलं नाही. आजही कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मी उठून बाहेर जातो.

तरी एक गोष्ट आहे – एकच – जी मला आजपर्यंत सुटलेली नाही. ती भुताची नाही. ज्या माणसाची आहे तो तेव्हा जिवंत होता आणि पुढंही बरीच वर्षं जगला.

परभणीत तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दुसरी मोठी लढाई चालू होती. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं किराण्याचं दुकान. आम्ही लिंगायत, घरात सकाळची पूजा झाल्याशिवाय कुणी चहासुद्धा घ्यायचं नाही. मी थोरला, म्हणजे गादीवर मीच बसणार हे ठरलेलं. पण मला दुकानातल्या तराजूपेक्षा दुकानासमोर माल उतरवायला येणारी लॉरी आवडायची. तिचा तो धडधडाट ऐकला की हातातलं माप टाकून मी बाहेर पळायचो... एक दिवस मी कुणाला न विचारता करीम उस्तादांकडं गेलो.

स्टेशनच्या पलीकडं, जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या माळावर उस्तादांची मोटार शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे काय, एक पत्र्याचं छप्पर, एक चालू लॉरी आणि दगडांवर चढवून ठेवलेला एका मोडक्या लॉरीचा सांगाडा. उस्ताद पहिल्या लढाईत फौजेत ड्रायव्हर होते, पार बसऱ्यापर्यंत गाड्या नेलेल्या. पांढरी दाढी, पण ताठ पाठ. शिकायला सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची पोरं. त्यांनी कुणावर कधी हात उचललेला मी पाहिला नाही, आणि त्या काळातल्या उस्तादांबद्दल हे म्हणणं सोपं नाही.

त्यांची शिकवायची तऱ्हा मी नंतर कुठंच पाहिली नाही. नवीन पोराला ते त्या सांगाड्यावर बसवायचे. त्याला इंजिनच नव्हतं. मग इंजिन कोण? उस्ताद स्वतः! डाव्या बाजूला बसून ते तोंडानं आवाज काढायचे – चढ लागला की घुसमटलेला, उतार लागला की मोकळा सुटलेला. त्या आवाजावरून आपण क्लच दाबायचा, गियर बदलायचा. चुकलं की ते असा काही खर्रर्र आवाज काढायचे की पलीकडची पोरं हसून लोळायची. पण त्यातच पायांना वळण लागायचं. मी चालू लॉरीवर बसलो तेव्हा माझे पाय डोक्याच्या आधी काम करत होते. लढाईमुळं पेट्रोल मिळायचं नाही, लॉरी कोळशाच्या गॅसवर चालायची. पाठीमागं मोठं पिंप, त्यात कोळसा पेटवायचा, पंखा फिरवायचा, तेव्हा कुठं ती खोकत खोकत जागी व्हायची. उस्ताद तिला "बुढी" म्हणायचे आणि तिच्याशी फार आदरानं वागायचे.

घरी कळलं तेव्हा आप्पा – माझे वडील – तावातावानं माळावर आले.

"आमच्या घरात कुनी असलं काम केलं न्हाई," ते म्हणाले. "पोराला घेऊन जायलोय मी."

उस्तादांनी वाद घातला नाही. "शेटजी, आये हो तो एक चक्कर मारो," एवढंच म्हणाले. आप्पांना त्या दिवशी ताडकळसच्या बाजाराला जायचंच होतं. उस्तादांनी त्यांना शेजारी बसवलं, मला मागं. रस्ता कसला, नुसती चाकोरी. पण ती बुढी उस्तादांच्या हाताखाली अशी जायची की काय सांगू... ताडकळस आलं तेव्हा आप्पा चक्क झोपले होते!

घरी आल्यावर म्हणाले, "मानूस लय चांगला हाय. शीक. पर लायसन न्हाई मिळालं तर गुमान दुकानात बसायचं. कबूल?"

मी कबूल केलं.

परीक्षेचा दिवस जवळ आला आणि उस्तादांना हिवतापानं गाठलं. आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेलो तर चार गोधड्यांखाली ते थरथरत होते. मी रडकुंडीला आलो. तशाही तापात त्यांनी माझा हात धरला. "डरू नक्को. मेरा काम हो गया. अब तेरा."

सकाळी परीक्षा घेणारे साहेब आले. कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. ते उस्तादांच्या जागी, माझ्या डाव्या हाताला बसले. भरलेल्या गाडीवर परीक्षा घेणार म्हणाले, म्हणून मागं सरकीची पोती रचली होती. झरीपर्यंत जायचं आणि परत.

चैत्राचं ऊन होतं. दुधना नदी जवळ येईपर्यंत सगळं झकास झालं. साहेबांनी मधे दोनदा गाडी थांबवायला लावली, मागं घ्यायला लावली, मान हलवली. मग नदीकडं जाणारा तो लांब उतार लागला. तेव्हाचा रस्ता आता राहिला नाही, पण तेव्हा तो सरळ नदीच्या पात्रात उतरायचा. झरीचा बाजार होता. खाली पात्रात बैलगाड्यांची ही गर्दी, पाट्या घेतलेल्या बायका, शेरडं, पोरं...

मी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो पार खाली फळीला जाऊन टेकला. ब्रेकचा गज तुटला होता. हातब्रेक ओढला, तो नुसता करकरला. मागं सरकीचं ओझं, आणि बुढी सुटली.

आम्हाला शिकवलेलं एकच होतं – ब्रेक गेला तर खालचा गियर टाक, इंजिन गाडीला धरतं. सांगाड्यावर हे उस्तादांनी माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं होतं की माझा हात आपोआप गियरच्या दांड्याकडं गेला.

आणि माझ्या डाव्या कानाशी उस्ताद ओरडले –

"गियर कू हात नक्को लगा! काट्यां में घाल! डावे हात कू!"

आठवल्यासारखं नाही. मनातल्या मनात नाही. ते शिकवताना जिथं बसायचे तिथून, त्यांच्याच घोगऱ्या आवाजात. डाव्या हाताला रस्त्याच्या कडेनं पुरुषभर उंचीचं निवडुंगाचं कुंपण होतं. त्याच्यामागं विहीर आहे, दगडी बांध आहे की ओढा आहे, मला काहीच माहीत नव्हतं. पण उस्तादांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. मी "जी उस्ताद" म्हणालो आणि स्टिअरिंग फिरवलं.

काटे, चीक, पानं काचेवर आदळली. बुढी कुंपणातून आरपार गेली, पुढून खाली बसली आणि एखाद्या म्हशीनं डबक्यात बसकण मारावी तशी दोन-चार हेलकावे खाऊन थांबली. समोर काळंभोर, ताजं नांगरलेलं वावर. डोक्याएवढी ढेकळं, आणि त्यांत चाकं निम्मी रुतलेली.

मागं वळून पाहिलं. खाली पात्रात गाड्या आपल्या चालल्या होत्या. बऱ्याच जणांना कळलंसुद्धा नव्हतं.

साहेबांची टोपी गेली होती, कपाळ खरचटलं होतं. त्यांनी रुमालानं कपाळ टिपलं. मग म्हणाले, "मियाँ, ये 'जी उस्ताद' किस को बोले?"

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही नाही ऐकलं?"

"मैंने सिर्फ तुम्हारी आवाज सुनी."

मी जे ऐकलं ते सांगितलं. ते हसले नाहीत. खाली उतरले, कुंपणाच्या भगदाडातून नदीकडं पाहत उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "लायसन मिल जायेगा. जिसने बोला, उसको दुआ दो."

तेवढ्यात लिंबाखालून वावराचा मालक ओरडत आला. ग्यानबा त्याचं नाव. "आरं कुठं घुसायलाव? माझं वावर हाय का रस्ता!" पण तुटलेला गज पाहिला, खालची गर्दी पाहिली, तसा त्याचा आवाज उतरला. त्यानं आम्हाला पाणी दिलं, मग आपलीच बैलं जुंपून लॉरी मागं ओढून काढली. गज तारेनं बांधून मी हळूहळू परभणी गाठली तेव्हा दिवस मावळायला आला होता.

घरी गेलोच नाही, थेट उस्तादांकडं. दार खालानं उघडलं, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं. मी तोंड उघडायच्या आधी तिनं माझे दोन्ही दंड धरले.

"तू सलामत है ना? लगा तो नै?"

मी म्हणालो, "खाला, तुला कुणी सांगितलं?"

ती मटकन उंबऱ्यावर बसली. सकाळपासून उस्ताद तापानं बेशुद्धच होते, म्हणाली. फॅक्टरीचा दुपारचा भोंगा व्हायच्या जरा आधी ते एकदम उठून बसले. डोळे उघडे, पण बघत नव्हते. दोन्ही पाय खाटेच्या पट्टीवर असे दाबले की खाट कडकड वाजली. आणि ओरडले – गियर कू हात नक्को लगा, काट्यां में घाल! शेजारपाजारचे धावत आले. मग उस्ताद आडवे झाले, घाम फुटला आणि ताप उतरला.

आम्ही कुंपणात घुसलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायचाच होता. एवढंच मला सांगता येतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं नव्हतं, मी तर नाहीच.

उस्ताद आत भिंतीला टेकून पेज पीत होते. त्यांना यातलं काहीही आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"बुढी कू कितना लगा?"

मग म्हणाले की भरलेली गाडी त्या उतारावर त्या वेगात असताना खालचा गियर पडलाच नसता. मधेच अडकला असता, गाडी पार मोकळी सुटली असती आणि गर्दीत गेली असती. "मैंने तेरे कू गलत सिखाया था," ते म्हणाले. एवढा मोठा उस्ताद, पण हे म्हणताना त्यांनी मान खाली घातली नाही की आवाज चोरला नाही. दुसऱ्या दिवसापासून सांगाड्यावर तो धडा बदलला. आजही त्या माणसाची आठवण आली की मला आधी हेच आठवतं.

आप्पांना कळलं तसे ते उठले. उस्तादांच्या घरी जाऊन बसले. आमच्या घरचा माणूस त्या काळात तिथं पाणी प्यायचा नाही. आप्पांनी खालाच्या हातचा चहा घेतला.

अंगात जरा बळ आल्यावर उस्ताद म्हणाले, मला ती जागा दाखव. आम्ही दोघं गेलो. भगदाडाशी उभे राहून त्यांनी वावर न्याहाळलं. इकडून तिकडून पाहिलं.

"मन्मथ," ते म्हणाले, "मैं इस रस्ते से कितने साल से जारा. इन काट्यां के पिच्छे क्या है, मेरे कू बी मालूम नै था."

इतके दिवस मी मनाची समजूत घातली होती की उस्तादांना ते वावर माहीत असणार, आणि कसं का होईना, त्यांनी मला तिकडं वळवलं.

ग्यानबा तिथंच होता. उस्तादांनी त्याला हात जोडले आणि सहज विचारलं, "हर साल नांगरते क्या इसकू?"

"छ्या," ग्यानबा म्हणाला. "लय वर्सांपासून पडीक हाय हे. दगडावानी कडक झालतं. त्या दिशी बाजारला निघालो होतो बघा, गाडी जुपली होती. अन् मधीच काय डोस्क्यात आलं... गाडी सोडली, नांगर आनला अन् हा रस्त्याकडचाच पट्टा धरला. कारभारीन लय चिडली, म्हनली बाजार सोडून हे काय करायलाव. मी काय सांगनार? मलाच ठाव न्हाई. तुमची गाडी घुसली तवा मी नुकताच बैलं सोडून लिंबाखाली टेकलो होतो."

उस्तादांनी खाली वाकून एक ढेकूळ उचललं, हातात चुरलं, माती पुन्हा वावरात सोडली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चल. गाडी तू चला."

एरवी शेजारी बसले की उस्तादांचं तोंड बंद नसायचं – क्लच सोड, पुढं बघ, बैल बुजेल. त्या दिवशी परभणी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

पुढं निजाम गेला, बुढी भंगारात गेली, उस्तादही गेले. मी शिकल्या-सवरल्या माणसांना विचारून पाहिलं. भीतीनं भास होतात, म्हणाले. बरं, मला झाला असेल. मग खालानं काय ऐकलं? तेही सोडा. पण ग्यानबाला कसली भीती होती? मला उत्तर सापडलेलं नाही, आता ऐंशीच्या पुढं ते सापडेल असंही वाटत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. फक्त एक विनंती आहे... उस्ताद काही मंत्रतंत्र करत असतील, असं लिहू नका. ते गाडी चालवायला शिकवायचे, आणि त्यांच्यासारखं शिकवणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.