स्विचपाशी उभा माणूस

शमुवेलभाऊ खांबाखाली उभे होते आणि चढायला तयार नव्हते. टेंभुर्णीच्या अलीकडे एका फाट्यावर वाऱ्याने अकरा हजार व्होल्टच्या लाइनचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, तुटला होता. गावाच्या पाण्याची मोटर त्याच लाइनवर. दोन दिवस नळ कोरडे. भोवती माणसं जमलेली, आणि माझ्या फोनवर वरिष्ठ. "अजून किती वेळ?"

मी ज्युनियर इंजिनियर, ते आमचे सर्वांत जुने लाइनमन. ख्रिस्ती, अंबडकडचे. चढण्याआधी खांबाला तळहात लावून, डोळे मिटून प्रार्थना करायचे. ऑफिसात आम्ही त्यावरून हसायचो. मी तर जरा जास्तच.

परमिट मिळालं होतं. सबस्टेशनचा ऑपरेटर लाइन बंद करतो आणि फोनवर तसं सांगतो, त्याला आम्ही परमिट म्हणतो. अडलं होतं ते डिस्चार्ज रॉडपायी. ही लांब काठी, टोकाला आकडा. तिची वायर जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडायची आणि आकडा तारेला लावायचा. तारेत चुकूनमाकून वीज असलीच तर ती माणसाऐवजी जमिनीत जाते. रॉड जीपमध्ये होता आणि जीप डिझेलला गेली होती.

"भाऊ, परमिट आहे. लाइन बंद आहे. चढा."

"जीप येऊन राह्यली, साहेब."

"आत्ताच प्रार्थना केली ना? देवावर भरवसा आहे ना? मग रॉड कशाला?"

लोक हसले. मलाही बरं वाटलं.

"भरवसा देवावर हे, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "तारेवर न्हाई. आन् त्याची परीक्षा पाहणं माझं काम न्हाई."

मी लेखी ऑर्डर देण्याची धमकी दिली. ते खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिले.

जीप आली. त्यांनी सळई ठोकली, वायर जोडली, आकडा वर नेला. तारेला टेकताच निळा लोळ उठला आणि असा आवाज झाला की बाभळीवरचे बगळे उडाले. पलीकडच्या दालमिलची घरघर थांबली.

मिलवाल्याने नुकताच जनरेटर लावला होता, मिलला लाइनपासून तोडणारा मेन स्विच न पाडता. सबस्टेशनकडून लाइन बंदच होती. जनरेटरची वीज मिलमधून उलटी लाइनवर येत होती. परमिट खरं होतं, आणि तरीही तो माणूस जळाला असता. माझ्या शब्दावर. मी मातीत बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो.

शमुवेलभाऊंनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही मिलमधी जा. मेन स्विच पाडा आन् तिथंच उभं राहा. फोन करा, मंग मी चढतो."

"मी?"

"तुम्हीच."

मी गेलो. स्विच पाडला, दांडीवर हात ठेवला आणि फोन केला. "बंद आहे, भाऊ." पलीकडून फक्त "बराबर" एवढंच आलं. मिलमधून खांब दिसत नव्हता. पाऊण तास मी ती दांडी हलू न देता धरून उभा होतो. घटकेपूर्वी ज्याने त्यांना मरणाकडे ढकललं, त्याच्याच शब्दावर शमुवेलभाऊ आत्ता तारेला हात घालत होते. मला भीती वाटत होती, आणि आयुष्यात देवळातही जोडले नव्हते इतक्या मनापासून मी हात जोडले. म्हणजे एकच, दुसरा दांडीवर होता.

संध्याकाळी गावात पाणी आलं. परतताना जीपमध्ये मी विचारलं, "भाऊ, माझ्यावर विश्वास कसा ठेवला?"

"तुम्ही मातीत बसून रडले ना. तव्हाच कळलं, आता हा माणूस स्विच सोडायचा न्हाई. आमचा प्रभू बी असंच करतो, साहेब. पडलेल्यालाच राखणीला उभं करतो."

मग ते पुढे म्हणाले, "आन् काम होईपर्यंत तारेवरचा रॉड बी काढला नव्हता मी."