खिदिरपूरचा शिकलेला घोडा

हावड्याला उतरले तेव्हा धुक्यात पूलसुद्धा दिसत नव्हता. एवढं लोखंड जाईल कुठे, असं म्हणत मी तो ओलांडला आणि बालीगंजला ताईकडे पोचले. भावजींची बँकेतून इथे बदली झालेली. ताईने चहाआधीच पाटाली (खजुराच्या रसाचा गूळ) पुढ्यात ठेवली.

"व्हिक्टोरिया मेमोरियल उद्या बघ," ती म्हणाली. "आज इलाबरोबर जा. पोर एकटी जायला घाबरतेय."

इला शेजारची. तिचे वडील घोडे शिकवायचे. मागच्या महिन्यात तापाने गेले. तेव्हापासून त्यांचा लाडका घोडा बादल कुणालाच तोंडावर म्होरकी घालू देईना. आजही घालून घेतली नाही, तर तबेल्याचा मालक त्याला मालाच्या गाड्या ओढायला विकणार होता.

ट्राममध्ये इलाने पर्समधून जत्रेतला, दाबला की टिक वाजणारा पत्र्याचा बेडूक काढून दाखवला; बाबांची शिकवायची रीत त्याच्यावरच. घोड्याने मान खाली घातली की त्याच क्षणी 'टिक', आणि लगेच गुळाचा खडा. चाबूक नाही, ओरडा नाही. माझ्या गणिताच्या मास्तरांना हे सुचलं असतं तर!

खिदिरपूरच्या तबेल्यात धुकं आतपर्यंत शिरलं होतं. इलाने हाक मारली. बादलने मान वाकवली. टिक. तिने गूळ पुढे केला, पण तो तिच्याकडे वळलाच नाही. भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडे तोंड नेऊन त्याने ओठांनी काहीतरी उचललं आणि चघळू लागला. तिथे काहीच नव्हतं.

"बाबा ओखानेई दाँडातेन (बाबा तिथंच उभे राहायचे)," इला पुटपुटली.

ती त्या जागेवर जाऊन उभी राहिली मात्र, बादल फुरफुरत मागच्या पायांवर उठला. मी किंचाळले. इला कशीबशी बाजूला झाली.

"दीदी, वो जगह उनकी है," ती रडत म्हणाली.

मग माणूसभर जागा सोडून ती शेजारी उभी राहिली आणि पुन्हा हाक मारली. बादलने मोकळ्या जागेपुढे मान वाकवली. इलाने बाजूने हात लांबवून म्होरकी चढवली. टिक. या वेळी गूळ त्याने तिच्या हातून घेतला.

दारातून बघणारा मालक म्हणाला, "थाक (राहू दे)." विकण्याचं त्याने पुन्हा काढलं नाही.

पुण्याला परतल्यावर सगळ्यांना मी व्हिक्टोरियाचंच सांगते. भुतंखेतं मी मानत नाही. तरी त्या दिवशी बादलला थोपटायला जाताना मी भिंतीकडून लांब वळसा घेतला, आणि कुणाला धक्का लागू नये म्हणून पदर आवरून धरला.