चौदाव्या ओळीवरचं बोट

“ज्याचं हाय, त्याले इचारलं काय?” एवढं बोलून त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि हाताची घडी घालून बसायच्या. मग समोर पुण्याहून आलेला पीएचडीवाला असो की आमचे प्राचार्य, उत्तर मिळेपर्यंत चष्मा काही खाली यायचा नाही.

मी वाशिमच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या भागातल्या लोकांची माहिती गोळा करून ती संगणकाला शिकवणारे संशोधक अलीकडे फार येतात. त्यांच्या कामानं लोकांना काही अपाय होणार नाही ना, हे आधी तपासायला आमच्याकडे एक समिती आहे. तीत एक डॉक्टर, एक वकील, एक शिक्षिका, सचिव म्हणून मी आणि नियमाप्रमाणे एक सामान्य नागरिक. तो सामान्य नागरिक म्हणजे या बाई. ‘सामान्य’ हा शब्द त्यांना कसा चिकटला, देव जाणे. गावाबाहेर त्यांचा दीड एकराचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं काढायच्या आणि बाजारात स्वतः विकायला बसायच्या. प्राचार्य त्यांच्याकडे भाजीचा भाव करायला गेले आणि सपशेल हरले. तिथंच त्यांनी ठरवलं की ही बाई आपल्या समितीत पाहिजे. नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो.

एकदा एका संशोधकानं सात पानी संमतिपत्र आणलं. काकू म्हणाल्या, “वाच बाबू.” तिसऱ्या पानावर काकू चक्क घोरायला लागल्या. तो बिचारा थांबला, तशा जाग्या झाल्या.

“मले इथं पंख्याखाली झोप लागली, तं वावरातून थकून आलेल्या बाईले नाई लागन काय? अन् तू तिची सही घेशीन!”

सात पानांचं एक पान झालं. झोप मात्र खरीच होती, असं डॉक्टरसाहेब मला नंतर हळूच म्हणाले.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती बैठकीला येणार म्हटलं की आपण घरून दोनदा तयारी करून निघतो. त्या एका बैठकीला मात्र मी तयारी न करता गेलो होतो.

काम चांगलं होतं. ज्यांना फिट येतात, त्यांच्यापैकी गोळ्या मधेच कोण सोडेल हे संगणकानं आधीच ओळखायचं, म्हणजे आरोग्यसेविका त्या घरी वेळेत पोचेल. रुग्णांच्या माहितीचा तक्ता पुढे इतर संशोधकांसाठी इंटरनेटवर खुला राहणार होता. नमुन्यादाखल वीस ओळी आमच्याकडे आल्या. नावं काढलेली होती. ‘ओळख पटेल असे काही नाही’ असा शेरा मारून मी सही करून टाकली होती.

काकू त्या दिवशी खुशीत होत्या. धाकट्या मुलाच्या साखरपुड्याचे पेढे घेऊन आल्या होत्या. “धाकट्याचं साक्षगंध हाय, चार रोजानं. पोरगी गुनाची हाय.” आम्ही पेढे खाल्ले आणि तक्ता वाटला. का कोण जाणे, काकूंनी चष्मा खाली घेतला आणि ओळींवरून बोट फिरवायला लागल्या.

“हा तं मानोऱ्याचा घड्याळवाला. पाय अधू अन् तीन पोरी, दुसरा कोन हाय तिथं?”

आम्ही हसलो.

“ही आमच्या शेजारची मास्तरीन. इले बी फिट येतात? मले नोतं मालूम.”

मग कोणी हसलं नाही. बोट पुढं सरकत चौदाव्या ओळीवर आलं आणि थांबलं. गाव इंझोरी, मुलगी, वय एकवीस, बी.ए., वडिलांची रोपवाटिका, एकुलती, घरी शिलाई मशीन.

“कोण आहे काकू?” मी विचारलं.

“काई नाई. चश्मा बराबर नाई.”

त्यांनी टेबलावरच्या सगळ्या प्रती गोळा केल्या, घडी केली आणि आपल्या पिशवीत घातल्या. “नाव काढलं सर तुमी. मानूस तं तसाच बसला हाय इथं.”

खरं सांगतो, मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, तो त्यांचा आला. पण त्या हटल्या नाहीत. गाव आणि धंदा तक्त्यातून काढा, आणि प्रत्येक रुग्णाला पुन्हा जाऊन विचारा, तोवर सही नाही. तीन महिने गेले. माहिती शिळी होते अशी संशोधकांनी कुरकूर केली, तर म्हणाल्या, “थे काय मेथी हाय सुकाले?”

लग्नाला आम्ही सगळे गेलो. पंगतीत माझ्या शेजारी नवरीचे वडील येऊन बसले. मी सहज विचारपूस केली. “आमी इंझोरीचे, सर. रोपवाटिका हाय आपली. विहीनबाई वांग्याचं रोप माह्याकूनच नेत. एकच पोरगी हाय, तिले चांगलं घर भेटलं.”

मला चौदावी ओळ आठवली. फिट येतात म्हटलं की आमच्याकडे ठरलेली लग्नं मोडतात, आणि मोडणाऱ्याला कोणी नावंही ठेवत नाही. काकूंनी घरी एक शब्द काढला असता की संपलं होतं. तो शब्द त्यांच्या हातात मी दिला होता, सही करून. जेवण तसंच टाकून मी उठलो. समोरून काकू वाढत येत होत्या.

“सर, काहून उठले? बुंदी घ्या.”

एवढंच. पुढं मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्या जागी एक निवृत्त अधिकारी आले आहेत. फार सज्जन माणूस, मी दाखवीन तिथं सही करतात. मला काकूंची फार आठवण येते.

त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं, पण ही गोष्ट एकट्या त्यांची नव्हती. म्हणून मळ्यात गेलो. धाकटी सून मेथीच्या जुड्या बांधत होती. तिला सगळं सांगितलं. चौदावी ओळ सांगताना मान वर करायची हिंमत झाली नाही.

ती म्हणाली, “मीच सांगतलं होतं त्याईले, साक्षगंधाच्या दिवशी. बाबा नको मनत होते. तरी मी सांगून टाकलं. तं त्या मनल्या, ‘बरं केलं सांगतलं. गोळी किती वाजता घेतं, थे सांग.’”

मग तिचे हात थांबले.

“म्हंजे मी सांगाच्या आधीच मालूम होतं त्याईले?”

“चार दिवस आधी.”

तिनं हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “लिहा सर. पन गाव दुसरं टाका, अन् बाबाचा धंदा बी.” मी दोन्ही बदलली आहेत, घड्याळवाल्याचीही.

मी निघालो, तर मागून तिनं हाक मारली. डोळ्यांना पदर लावलेला होता.

“सर, साक्षगंधाची साडी त्याईनं आदल्या दिवशी रिसोडले जाऊन आनली होती. दोन घंटे निवडून राह्यल्या होत्या मने.”